हॅनाचा दोरा

या, जरा पुढे सरकून बसा. मागे मंदिराच्या दाराजवळ बसलात तर अर्धी गोष्ट हीटरच्या घरघरीत जाईल आणि उरलेली अर्धी चपला शोधणाऱ्यांच्या गडबडीत. मी एक गोष्ट सांगणार आहे. देवाची नाही. पण जिथे माणसाची कसोटी लागते ती जागा देवापासून फार लांब नसते, असं मला कीर्तनं ऐकून ऐकून वाटायला लागलं आहे. माझ्या हातात चिपळ्या नाहीत आणि गळाही नाही. तेवढं सांभाळून घ्या.

गोष्ट हॅना लव्हेट नावाच्या बाईची. आपल्या श्रूजबरीपासून गाडीने पाऊण तासावर एल्डनबरी म्हणून गाव आहे, तिथली. जन्म १८२९, मरण १८९१. ती मला कळली दीक्षामुळे, म्हणून आधी दीक्षा.

आमचा अंकुर क्युपर्टिनोला नोकरीला गेला आणि इथलं घर आम्हा दोघांवर सोपवून गेला. खालचा बेसमेंट रिकामा. तिथे दीक्षा राहायला आली. नागपूरची, इंदोऱ्याची. इथल्या विद्यापीठात इतिहासात पीएचडी करत होती. पहिल्याच दिवशी बॅगा खाली ठेवायच्या आधी म्हणाली, "काकू, एक सांगून ठेवते. आम्ही बुद्धिस्ट आहोत. तुमच्या आरतीला मी येणार नाही."

"नको येऊस. जेवायला येशील ना?"

"जेवायला दोनदा येईन."

"ही पोरगी टिकणार," आमचे हे म्हणाले. दिगंबर त्यांचं नाव. पोरं त्यांना काका म्हणतात.

शनिवारी सकाळी मी फोनवर कीर्तन लावून भाजी निवडत बसते. दीक्षा जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर कॉफी घेऊन बसायची. आरतीला नाही, पण कीर्तनाला बसायची. मधेच ओरडायची, "काकू, तुमचे बुवा सन चुकवतायत!"

"सन चुकला तर चुकू दे. माणूस बरोबर सांगतायत ना?"

"असं नसतं हो काकू. आधी सन, मग माणूस."

"मग तू सांग एखादा माणूस, सनासकट."

तेव्हा तिनं हॅना सांगायला सुरुवात केली. हिवाळाभर, थोडी थोडी. मेथी निवडताना, बर्फ काढताना, गाडीत. मी तुम्हाला एका दमात सांगते.

हॅनाचे वडील बूट बनवायचे. त्या काळी त्या भागात घरोघर तेच काम चाले. कारखानदाराचा माणूस घोडागाडीतून कापलेलं कातडं टाकून जायचा आणि बायका घरी बसून बुटाचे वरचे भाग शिवायच्या. हॅना नवव्या वर्षी शिवायला बसली. आई लवकर गेली, वडिलांची नजर अधू झाली. म्हातारा खुर्चीत बसून गावातल्या घराघराच्या गोष्टी सांगायचा आणि मुलगी ऐकत टाके घालायची.

ती अठ्ठावीस वर्षांची असताना शेजारची म्हातारी वारली. गावाच्या दप्तरात कारकुनानं लिहिलं, 'विधवा ॲमिडन.' हॅनानं विचारलं, बाईचं स्वतःचं नाव काय होतं? कारकुनाला ठाऊक नव्हतं. पाद्र्याला ठाऊक नव्हतं. बाई त्या गावात एकसष्ट वर्षं राहिली होती.

तिथून हॅना सुटली. दर शनिवारी शिवलेलं काम पोचवायला ती सात मैल चालत जायची. आता ती वाटेतल्या प्रत्येक घरी थांबू लागली. चुलीपाशी बसलेल्या म्हाताऱ्यांना विचारायची, इथे आधी कोण राहत होतं, कोण लग्न होऊन आलं, कोण लहानपणीच गेलं. घरी कोरा कागद नव्हता, पण कातडं कापायचे जीर्ण झालेले कागदी नमुने होते. कुणाचा आकार टाचेचा, कुणाचा बुटाच्या जिभेचा. एका घराला एक नमुना. त्यावर बारीक अक्षरात त्या घराचा वृत्तान्त लिहायची, आरीनं भोक पाडायची, आणि बूट शिवायच्या मेणाच्या दोऱ्यात ओवायची. ज्या क्रमानं घरं लागली त्याच क्रमानं ओवत असावी.

आणि प्रत्येक चिठ्ठीच्या शेवटी एक ओळ. 'अमक्याची आठवण ठेवा.' हा अमका म्हणजे त्या घरातलं असं माणूस, ज्याच्या नावाचा दगड स्मशानात नाही आणि ज्याच्या मागे कोणी नाही. तीन दिवसांचं बाळ. विहीर खणणारा काळा गडी. टोपल्या विकायला येणारी, इथल्या मूळच्या निपमक जमातीची बाई, जी एका गोठ्यात थंडीनं गेली.

हे ऐकून मी भाजी खाली ठेवली. "अगं, बुवाही कीर्तनाच्या शेवटी हेच करतात, नाव घेऊन आठवण ठेवा म्हणतात."

"म्हणूनच तुम्हाला सांगितलं, काकू."

एका शाळामास्तरानं हॅनाला मागणी घातली होती. अट एकच, मेलेल्यांच्या मागे हिंडणं बंद. हॅनानं दोन आठवडे विचार केला आणि मास्तराच्या घराचीही चिठ्ठी करून ओवली. खाली लिहिलं, 'मास्तरांच्या आईची आठवण ठेवा, जिला वाचता येत होतं पण कुणी वाचू दिलं नाही.' लग्न राहिलं ते राहिलंच.

चिठ्ठ्या भरल्या तीनशे बारा. १८६६ साली ओवणं थांबलं. १८६८ साली गावात नवीन पाद्री आला, रेव्हरंड सायलस क्रेन. शिकलेला, छापखान्यात ओळखी असलेला. हॅनानं सगळं स्वच्छ अक्षरात उतरवून त्याच्याकडे दिलं असावं. ती प्रत आता कुठेच नाही. आहे ते १८७४ साली छापलेलं 'एल्डनबरी गावाचा इतिहास' हे जाड पुस्तक, लेखक सायलस क्रेन. प्रस्तावनेत त्यानं लिहिलं आहे की रस्त्यामागून रस्ता, घरामागून घर अशी मांडणी त्याला एका वसंतातल्या फेरफटक्यात सुचली. आणि शेवटी, 'मिस एच. एल. यांच्या सुवाच्य अक्षराबद्दल आभार.'

सुवाच्य अक्षर! आमचे हे एवढे शांत, पण तेही म्हणाले, "अरे गाढवा."

हॅनानं पुढे चौदा वर्षं बूट शिवले. मग हात थरथरायला लागले तेव्हा गावानं तिला अनाथ-दरिद्री लोकांच्या शेतघरात ठेवलं. तिथेच गेली. माळ मात्र कुणीतरी जपली, आणि ती गावच्या हिस्टॉरिकल सोसायटीत एका खोक्यात पडून राहिली. खोक्यावर लिहिलं होतं, 'बुटांचे जुने नमुने.'

माळेच्या गाठीजवळ एक चिठ्ठी मागाहून घातलेली होती, १८७४ सालची. तिच्यावर एवढंच. 'मि. क्रेन यांनी सगळ्या आठवणी काढून टाकल्या. म्हणाले, इतिहास म्हणजे प्रार्थना नव्हे.'

दीक्षाच्या सगळ्या प्रबंधाचा जीव या एका गोष्टीत होता, की ते पुस्तक हॅनाचं आहे. मी एकदा विचारलं, "एवढं काय गं तुला तिचं?" ती म्हणाली, "काकू, माझ्या पणजीचं नाव आमच्या घरात कुणालाच माहीत नाही. कुठल्या कागदावर येणार? कागदापाशी कोण जाऊ देत होतं? इथे निदान कागद आहे."

आता फेब्रुवारी. दुपारचा एक वाजला असेल. मी पोळ्या करत होते. दीक्षा जिन्यावरून वर आली, पायात नुसते मोजे, आणि ओट्याला टेकून जमिनीवरच बसली.

"काकू, मी मारून टाकलं तिला."

मी गॅस बंद केला.

दोन वर्षांपूर्वी ती सोसायटीत व्हॉलंटियर म्हणून लागली, त्याचा पहिला आठवडा. तिथे कागद सांभाळायच्या सूचनांचं एक पत्रक आहे. पिना काढा, क्लिपा काढा, रबर आणि दोरे काढा. कागद सपाट करा. सारखे कागद एकत्र ठेवा. दीक्षानं पत्रक वाचलं, कात्री घेतली आणि माळेचा दोरा कापला. मग टाचा टाचांबरोबर, जिभा जिभांबरोबर, असे आकार लावून फोल्डर केले. सोसायटीच्या मिसेस डॉयलनी पाठ थोपटली. नोंदीच्या कागदावर दीक्षानं पेन्सिलनं लिहिलं, 'दोरा काढला. आकारानुसार लावले. डी.' तेव्हा तिनं पुस्तकही वाचलं नव्हतं. खोक्यावर नमुने लिहिलं होतं, तिनं नमुने लावले.

आणि आता, एक चिठ्ठी म्हणजे एक घर हे कळल्यावर, तिच्या ध्यानात आलं की क्रेन गावात येण्याच्या दोन वर्षं आधी ओवून झालेल्या त्या माळेचा क्रम जर पुस्तकाचाच क्रम असेल, तर पुस्तक कुणाचं हे सांगायला दुसरा साक्षीदार लागत नाही. नुसती माहिती काय, क्रेनलाही त्याच म्हाताऱ्यांकडून मिळू शकली असती.

"तोच पुरावा होता काकू. दीडशे वर्षं टिकला. मी आले आणि एका मिनिटात..."

"फोटो काढला नव्हतास?" यांनी विचारलं.

"काढला ना." तिनं फोन पुढे केला. फोटोत ती स्वतः, दात दाखवत, आणि खांद्यामागे धूसर माळ. "इन्स्टाला टाकायला. मी क्लियर आहे यार, माळ ब्लर आहे."

ती हसली आणि त्या हसण्याचंच रडणं झालं. पोळी तव्यावर कडक होऊन गेली.

तो फोटो मोठा करून करून तीन चिठ्ठ्या वाचता आल्या. कटलरांचं घर, ॲमिडनांचं घर, पाणचक्की. पुस्तकातही हाच क्रम. तिन्ही सलग! त्या दिवशी तिनं घरभर उड्या मारल्या. मग भोकं जुळवून पाहिली, मेणाचे डाग पाहिले, कागदाचा पिवळेपणा पाहिला. सगळा मार्च त्यात गेला. तीनशे बारांपैकी तीन, त्यापुढे आकडा सरकला नाही.

तिच्या ॲडव्हायझर बाईंशी झूमवर बोलणं झालं तेव्हा मी तिथेच कपड्यांच्या घड्या घालत होते. बाई म्हणाल्या, तीन म्हणजे योगायोग. मग विचारलं, "माळ तुटली कधी?"

दीक्षानं एकदा माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "जुनीच तुटलेली असावी."

बाई म्हणाल्या, पूर्ण क्रम दाखवणारं काही सापडलं तर प्रकरण उभं राहील. नाहीतर नाही. एप्रिलच्या अखेरीस समिती बसणार, सहावं वर्ष संपतंय, आणखी मुदत मिळणार नाही.

म्हणजे पीएचडी नाही, म्हणजे व्हिसा नाही, म्हणजे सहा वर्षं गुंडाळून परत. आणि हॅनाचं नाव पुस्तकावर लागायची वाट बंद, कारण दुसरं कोण येणार होतं त्या खोक्याकडे?

दर रविवारी नागपूरहून तिची आई, शीलाताई, फोन करायच्या. "झालं का वं तुझ्या हॅनाचं? विहारात सगळ्या बाया विचारून राहिल्या." दीक्षा म्हणायची, "होतंय आई." फोन ठेवला की बेसमेंटचा दिवा बंद करून भर दुपारी अंधारात बसायची. जेवायला दोनदा येणारी पोरगी एकदाही येईना. मी ताट खाली घेऊन जायचे आणि तसंच वर आणायचे. देवासमोर उभी राहायचे आणि काय मागावं तेच कळायचं नाही. कापलेला दोरा जोड, असं मागतात का?

आता माझी चूक सांगते.

सोसायटी मंगळवार-गुरुवार उघडी असते, दहा ते दोन. दीक्षाकडे गाडी नव्हती, म्हणून हे तिला ड्राइव्ह करून न्यायचे, आणि घरी एकटीला बरं वाटत नाही म्हणून मी बरोबर. हे गाडीत पेपर वाचायचे. मी आत कोपऱ्यात बसून वाती वळायचे. मिसेस डॉयल ऐंशीच्या. त्यांना माझा कापूस फार आवडायचा. एकदा कानाकडे बोट करून मला विचारलं होतं, "इज इट फॉर द इअर?" मी म्हटलं, "नो, फॉर द गॉड." त्या "ओह, गुड" म्हणाल्या.

त्या मंगळवारी दीक्षा फोल्डर पुढ्यात घेऊन नुसती बसली होती. मला बघवेना.

"दीक्षा," मी म्हटलं, "क्रम पुस्तकात आहे ना? मग त्या क्रमानं ओवून टाक. भोकं आहेतच. दोरा मी आणते."

तिनं पुढ्यातला फोल्डर मिटला. मग हळूच म्हणाली, "काकू, ते खोटं होईल."

"खोटं कसं? क्रम तोच होता असं तूच म्हणतेस."

"मला वाटतं. माहीत नाही."

"देवाला माहीत आहे."

"मग तुमच्या देवाला कमिटीपुढे बोलवा. येतील का?"

मी परत वाती वळायला घेतल्या. पण बी पडलं होतं, आणि पेरणारी मी होते. गुरुवारी सकाळी गाडीत बसताना ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "आणलाय दोरा?"

आणला होता. हार ओवायचा जाड दोरा, मेणबत्तीवरून ओढून ओढून मेण लावलेला. यांना सांगितलं नव्हतं.

मिसेस डॉयल बारा वाजता जेवायला घरी जातात, तासाभरानं येतात. दार लागल्याबरोबर दीक्षानं फोल्डर उघडले. नोंदीचा कागदही काढून ठेवला, पेन्सिलनं लिहिलेला, आणि त्याच्याशेजारी खोडरबर. माळ झाली की ती ओळ खोडायची. मग कुणाला कळणार होतं? पुस्तक डावीकडे उघडं. मी सुई ओवून दिली.

कटलर. ॲमिडन. पाणचक्की. लोहार. ती घराचं नाव पुस्तकात बघायची, फोल्डरमधून चिठ्ठी शोधायची, शेवटची ओळ पुटपुटायची आणि ओवायची. 'डॉर्कसची आठवण ठेवा.' सुई आत. 'छोट्या इफ्रेमची आठवण ठेवा.' सुई बाहेर. मला तर एकेक नाव म्हणजे एकेक फूल वाटायला लागलं. हात जोडून सांगते, त्या खोट्या कामात माझी अगदी तंद्री लागली होती. चाळीस चिठ्ठ्या झाल्या. घड्याळात पावणेएक.

मग आलं बिगेलोंचं घर. दीक्षानं चिठ्ठी उचलली, वाचली, परत वाचली.

"काय गं?"

तिनं मला मराठीत सांगितलं. हॅनानं लिहिलं होतं, 'इथे दोन मुली होत्या, मर्सी आणि लोइस. एकाच आठवड्यात गेल्या. थोरली कोण होती ते सांगणारं आता कोणी नाही. मी अंदाज करत नाही. दोघींची आठवण ठेवा.'

दीक्षानं पुस्तकातलं तेच घर माझ्यापुढे सरकवलं. क्रेननं छापलं होतं, 'थोरली मर्सी, धाकटी लोइस.' ठसठशीत.

"यानं ठोकून दिलंय," ती म्हणाली. "कसं कळलं याला? कुणालाच माहीत नव्हतं. इथे ठोकलं तर आणखी कुठे कुठे? घरं पुढेमागे केली नसतील कशावरून? काकू, मी तिला याच्या दोऱ्यात ओवतेय."

माझ्या हातातला दोरा मला एकदम चिकट लागला.

"ती सात मैल चालायची काकू. एवढंसं ठाऊक नाही म्हणून जागा मोकळी सोडायची. मी अंदाज करत नाही म्हणायची. आणि मी काय करतेय? तिच्यासाठी करतेय म्हणे."

ती रडत होती, पण चिठ्ठ्यांवर पाणी पडू नये म्हणून मान मागे करून. आणि रडत रडतच तिनं चाळीस चिठ्ठ्या एकेक करून दोऱ्यातून काढल्या. मी एकही काढू लागले नाही. माझी हिंमत झाली नाही. मग तिनं खोडरबर उचलला, बघितला आणि माझ्या कापसाच्या डब्यात टाकला. पेन्सिल घेतली. आधीच्या ओळीखाली लिहिलं, की मूळ दोरा मी कापला, तेव्हा क्रम नोंदवला नाही, आज छापील पुस्तकाच्या क्रमानं चाळीस चिठ्ठ्या नव्या दोऱ्यात ओवल्या आणि परत काढल्या. तारीख घातली. या वेळी 'डी' नाही, पूर्ण नाव लिहिलं.

मिसेस डॉयल आल्या. दीक्षानं तो कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावून वाचला. खुर्चीत बसल्या.

"ओह, हनी," त्या म्हणाल्या. मग भिंतीवरच्या सूचनांच्या पत्रकाकडे बोट केलं. "ते मीच टाइप केलं होतं."

मी वाती डब्यात भरल्या. गाडीत यांनी विचारलं, "काय झालं?" मी सगळं सांगितलं. हे आयुष्यात कधी माझ्यावर रागावले नव्हते. त्या दिवशी श्रूजबरी येईपर्यंत बोलले नाहीत.

एप्रिलच्या अखेरीस समिती बसली. दीक्षानं पहिल्या पाच मिनिटांत स्वतःच सांगून टाकलं, की दोरा मी कापला आणि बाईंना मी खोटं सांगितलं. आम्ही दोघं पार्किंग लॉटमध्ये. मी नाम घेत होते, पण मण्यांवरून बोटं पुढे सरकत नव्हती. दोन तासांनी ती आली, मागे बसली, सीट बेल्ट लावला.

"पीएचडी नाही. एम.ए. देऊन सोडतायत."

"आणि हॅना?" यांनी विचारलं.

"'संकलनात सहभाग असावा', एवढं लिहिता येईल म्हणाले."

यांनी गाडी सुरू केली. पहिल्याच सिग्नलला दिवा हिरवा झाला आणि हे तसेच बसून राहिले. मागून हॉर्न वाजला. तो वाजला तेव्हा दीक्षा रडायला लागली, आणि मग आम्ही तिघंही.

संध्याकाळी तिनं आईला फोन लावला, स्पीकरवर. "आई, नाही झालं."

मग शीलाताई म्हणाल्या, "खोटं केलं का तू काही?"

"करत होते. मग नाही केलं."

"मग ये बाई घरी. वाट पाहून राहिलो आम्ही."

जायच्या आधीच्या मंगळवारी दीक्षा म्हणाली, मला एकदा तिच्याकडे जायचंय. दरिद्री लोकांचं ते शेतघर कधीच पडलं. मागे एक गवताचा उतार आहे. तिथे ओळीनं लहान लहान दगड, वीटभर उंचीचे, त्यांवर नावं नाहीत. नुसते आकडे. नाव-आकड्यांची वही जळाली, असं मिसेस डॉयल म्हणाल्या होत्या. सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस. यांतला हॅनाचा कुठला?

"एकोणतीस असेल का गं? कोपऱ्यातला?" मी विचारलं.

"काकू," ती म्हणाली, "आपण अंदाज करायचा नाही."

म्हणून ती कुठल्याच दगडापाशी थांबली नाही. सगळ्या उतारावरून चालली, एका दगडापासून दुसऱ्याकडे, एकही न सोडता. शनिवारी हॅना चालायची तशी. मी वाती आणल्या होत्या. वाऱ्यापुढे एकही टिकेना. दीक्षानं ओंजळ धरली, आरतीला न येणाऱ्या पोरीनं, तरी टिकेना. शेवटी ती म्हणाली, "काकू, तुमचे बुवा शेवटी म्हणतात तसं काहीतरी म्हणा ना. इथे कुणी काही म्हटलेलं नाहीये."

माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. दोरा मीच आणला होता ना.

ते त्या दिवशीचं राहिलेलं आज म्हणते. त्यासाठीच तुम्हाला जवळ बोलावलं. पुस्तकावर क्रेनचं नाव आहे, ते तसंच राहील. माळ परत होणार नाही. दीक्षा नागपूरला आहे, एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते आणि पणजीचं नाव शोधते आहे. अजून सापडलेलं नाही. सापडेपर्यंत जागा मोकळी ठेवली आहे म्हणते.

तर आता उठा. चपला सापडतील, घाई नको. गाडीत बसाल, घरी जाल, उद्या कामावर जाल. वाटेत एखादा सिग्नल लागेल, तेवढा वेळ पुरे आहे. एल्डनबरीची हॅना लव्हेट. बूट शिवायची, चालत जायची, विचारून लिहायची आणि ठाऊक नसेल तिथे थांबायची. तिची आठवण ठेवा.